पॉइंट मिळतात म्हणे!

दिवाळीच्या सुट्टीत पहिले दोन दिवस झोपण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी घरातली तुंबलेली कामं आपल्या अंगावर येतात, हा सर्व हॉस्टेलकरांचा अनुभव. मागच्या दिवाळीत माझ्या वाट्याला आलेलं काम जरा वेगळं होतं. नानांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातून तीन गुळगुळीत रंगीत कागद काढले आणि माझ्यापुढे ठेवले. तिन्ही क्रेडिट कार्डांच्या जाहिराती! एकावर विमान, दुसऱ्यावर ट्रॉली ढकलणारं हसरं कुटुंब, तिसऱ्यावर पेट्रोल पंप.

"तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग सांग, घरखर्चाला यातलं कोणतं घ्यावं. पॉइंट कशाला जास्त मिळतात ते बघ."

मॅथ्स-थ्री दुसऱ्या झटक्यात सुटलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की छाती जरा फुगतेच. मी पेन काढलं. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "आधी पहिल्या कार्डाचं निस्तरा म्हणावं. चव्वेचाळीस हजाराचा मेसेज कशाचा आलाय ते बघा."

पहिलं कार्ड दादाचं. दादा सुपा एमआयडीसीत आहे. जूनमध्ये कंपनीच्या कँटीनमध्ये टेबल टाकून बसलेल्या एका पोराने त्याचा फॉर्म भरून घेतला. ऑनलाइन खरेदीवर पाच टक्के कॅशबॅक, बाकी ठिकाणी एक टक्का, वर्षाची फी फक्त ४९९ रुपये. दादाने विचार केला, नाहीतरी घरखर्च आपल्याच पगारातून होतो, मग कार्डावर केला तर चार पैसे परत येतील. यात त्याचं काय चुकलं? काहीच नाही. मीही हेच केलं असतं.

बिल भरायची शेवटची तारीख होती ५ आणि दादाचा पगार होतो ७ तारखेला. फॉर्म भरणारा म्हणाला, "सर, ऑटो-डेबिट किमान रकमेवर ठेवू या, म्हणजे बाउन्स व्हायची भीती नाही." दादाने मान डोलावली. मग दर महिन्याला मेसेज यायचा, पेमेंट मिळालं, धन्यवाद. दादाला वाटायचं बिल फिटलं. खात्यात पैसे शिल्लक दिसायचे तर तो खूश, की कार्ड आल्यापासून बचत व्हायला लागली! त्या 'बचती'तून ऑगस्टमध्ये विहिरीची जळालेली मोटर भरून आणली. आणि त्याच 'बचती'तून माझा मेसचा ॲडव्हान्स भरला गेला. म्हणजे तुमच्याबरोबर मी जी मेसची पाणीदार डाळ खाल्ली, ती कोणत्या व्याजाने खाल्ली ते आता सांगतो.

बिलाची पीडीएफ उघडली. (पासवर्ड म्हणजे नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख. नानांना तो ओटीपीच वाटत होता.) दर महिन्याला कार्डावर साधारण ११,००० रुपयांचा खर्च. पहिल्या बिलात किमान रक्कम पाच टक्के म्हणजे ५५० रुपये कापली गेली, उरलेल्या १०,४५० वर महिन्याला साडेतीन टक्के व्याज सुरू. ते बिलाच्या तारखेपासून नव्हे, ज्या दिवशी वस्तू घेतली त्या दिवसापासून! शिवाय एकदा मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळतच नाहीत. आज साबण घेतला की आजपासून व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. चौथ्या बिलापर्यंत नुसतं व्याज आणि त्यावरचा कर मिळून ३,६०० रुपयांच्या वर गेले होते आणि एकूण देणं ४४ हजारांच्या पुढे. तेवढ्याच चार महिन्यांत कॅशबॅक किती जमला होता? ४७४ रुपये.

घरात थोडा वेळ कुणीच बोललं नाही. दादा नुसता फोनकडे बघत होता.

आता कुणी म्हणेल की हा तर गाफीलपणा, कार्डाचा काय दोष? बरोबर आहे. 'किमान रकमेवर राहिलात तर फेड महिनोन्‌महिने लांबेल' अशी सूचना बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलेलं आहे, आणि ती दादाच्या बिलावर होतीही. तिसऱ्या पानावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आपल्या घरी लाइट बिल मराठीत येतं, मग कार्डाचं बिल मराठीत का येऊ नये? सातबारा वाचून चूक काढणारा माणूस आपलंच देणं वाचू शकत नाही, याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही.

असो. नानांचा प्रश्न तसाच राहिला होता, कोणतं कार्ड चांगलं? मी ठरवलं की जाहिरात बाजूला ठेवायची आणि आईचं कॅलेंडर खाली काढायचं.

आमच्याकडे हिशेब 'कालनिर्णय'वर चालतो. चौकटीत सकाळ-संध्याकाळचं दूध, कोपऱ्यात गॅसची तारीख, खाली किराण्याची रक्कम आणि मागच्या पानावर लग्नाचे आहेर. त्यावरून मी एका महिन्याचा घरखर्च मांडला. किराणा ५,८००, दोन गाड्यांचं पेट्रोल २,६००, गॅसची टाकी पोचवणाऱ्याच्या पैशांसकट ९००, लाइट बिल १,१५०, तीन मोबाइलचे रिचार्ज ९००, नानांची बीपी-शुगरची औषधं १,४००, आठवडे बाजार नि रविवारचं मटण २,२००, क्लासची फी आणि आहेर मिळून १,५००, वहिनीची ऑनलाइन खरेदी १,६००. बेरीज १८,०५०. (सरकी पेंड यात धरलेली नाही, ती डेअरीवालेच दुधाच्या पेमेंटमधून कापून घेतात. तिथे जगातलं कोणतंही कार्ड चालत नाही.)

आता बघा. बाजार, मटण, क्लास, आहेर हे रोखीचे व्यवहार, ते पहिल्या फटक्यात बाद. गावातल्या दुकानाची वहीची उधारी, तीही बाद. उरलेले ११,००० कार्डावर जायचे. पण त्यातही पेट्रोल, गॅस, लाइट बिल आणि रिचार्ज यांवर दादाच्या कार्डाला काहीच मिळत नव्हतं. हे झाले ५,५५०. म्हणजे कार्डावरचा निम्म्याहून जास्त खर्च बक्षिसाच्या बाहेर! औषधांचे १४ रुपये, नगरच्या मॉलमधल्या २,४५० च्या किराण्याचे २४, आणि वहिनीच्या ऑनलाइन खरेदीचे ८०. एकूण ११८ रुपये महिन्याला. वर्षाचे झाले सुमारे १,४१६. त्यातून ४९९ फी आणि तिच्यावरचा जीएसटी मिळून ५८९ वजा करा, उरले सव्वाआठशे. ज्या दादाला आपण चार महिन्यांत ३,६०० घालवले म्हणून बोललो, त्याला ते भरून काढायला सव्वाचार वर्षं नेमाने बिल भरावं लागेल.

आणि त्या २४ रुपयांची गोष्ट तर ऐकाच. आमचं गाव राहुरी तालुक्यात. रविवारी दादा नि वहिनी मुद्दाम गाडी काढून नगरला (कागदावर आता अहिल्यानगर, पण एस.टी.त अजून सगळे नगरच म्हणतात) मॉलला जायचे, कारण तिथे कार्ड चालतं. जाऊन-येऊन सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे दीडशे रुपयांचं पेट्रोल. मॉलमध्ये साखर-तेल गावापेक्षा स्वस्त मिळतं हे खरं, ते मी नाकारत नाही. पण सोबत जी प्लास्टिकची बरणी, दोनावर एक फ्री शाम्पू आणि वहिनीच्या भाषेत 'असू दे, लागेल' अशा वस्तू यायच्या, त्यांचा हिशेब कॅलेंडरवर नव्हता.

पेट्रोलवाल्या जाहिरातीबद्दल दोन शब्द. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम यांच्या जोडीने बँकांनी काढलेली कार्डं असतात, त्यांच्यावर पेट्रोलला खरोखर बरे पॉइंट मिळतात. पण ते त्या-त्या कंपनीच्या पंपावरच. तुमच्या गावाजवळचा पंप दुसऱ्या कंपनीचा असला की संपलं. साध्या कार्डावर पेट्रोल भरलं तर एक टक्का सरचार्ज लागतो. ठराविक रकमेच्या मर्यादेत तो परत येतो, मात्र त्यावरचा जीएसटी येत नाही. बाइकमध्ये दोनशेचं पेट्रोल टाकणाऱ्याला तर बहुतेक कार्डांच्या त्या मर्यादेत शिरताही येत नाही, कारण ती सुरूच होते चारशे-पाचशेपासून.

विमानवाल्या कार्डाचा निकाल नानांनी स्वतःच लावला. त्यात विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट जेवण होतं. आपल्याच जिल्ह्यात काकडीला शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला. नाना तिथे एकदा गेले आहेत, मामांना सोडायला. "बाहेरच्या टपरीवर चहा घेतला होता," ते म्हणाले, "त्याला कार्ड नाही लागलं."

माझं मत इथून पुढे सुरू होतं, आणि ते काहींना पटणार नाही याची मला कल्पना आहे. रूमवर यावर दोन रात्री वाद झाले आहेत.

पहिला मुद्दा, हे बक्षीस येतं कुठून? बँक काही दानधर्म करत नाही. दुकानदार कार्ड घेतो तेव्हा त्याच्या रकमेतून साधारण दीड-दोन टक्के कापले जातात. म्हणून तर छोटा दुकानदार म्हणतो, "कार्ड दिलं तर दोन टक्के वर लागतील." त्या कापलेल्या पैशांतला एक तुकडा आपल्याला पॉइंट म्हणून मिळतो. दुसरा झरा म्हणजे दादासारखे लोक. जो बिल पूर्ण भरतो त्याच्या कॅशबॅकला, जो भरत नाही त्याच्या व्याजाचा हातभार असतो. हॉस्टेलमध्ये जे म्हणतात ना की 'मी कार्ड स्मार्टपणे वापरतो, आजपर्यंत एक रुपया व्याज दिलं नाही', ते खोटं बोलत नसतात. फक्त त्यांचा स्मार्टपणा कुणाच्या तरी किमान रकमेवर उभा असतो, एवढं लक्षात असावं.

दुसरा मुद्दा व्याजाचा. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला व्याज कळत नाही असं कुणी म्हणू नये. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली (हे सुपे पुणे जिल्ह्यातलं, दादाचं सुपा वेगळं), आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यात लगोलग पसरलं. त्यातून १८७९ चा कायदा आला. त्याने कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती आणि व्याज किती हे तपासायचा अधिकार दिला. पुढे सहकार आला, १९५० च्या सुमारास प्रवरेला साखर कारखाना उभा राहिला. सावकाराच्या वहीतून सुटण्यासाठी एवढा खटाटोप झालेल्या जिल्ह्यात आपण आता पीडीएफच्या वहीत शिरलो आहोत. आणि पीडीएफ जाळताही येत नाही!

कोर्टाचं म्हणाल तर २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने निकाल दिला होता की कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवला. त्यामुळे ती मर्यादाही राहिली नाही. आता याच्या शेजारी आपला ऊस ठेवून बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं. ते व्याज किती जणांच्या हातात पडलं ते घरी विचारून या. म्हणजे शेतकऱ्याचं दुसऱ्याकडे अडकलं तर कागदावर १५ आणि शेतकऱ्याने दुसऱ्याचं अडकवलं तर खात्यातून ४२. ज्या घरात पैसा उसाच्या बिलावर आणि दुधाच्या दहा दिवसांच्या पेमेंटवर येतो, तिथे महिन्याच्या ठराविक तारखेला पूर्ण रक्कम हजर ठेवणं ही पगारदाराइतकी सोपी गोष्ट नाही. कार्ड पगारदाराच्या मापाने शिवलेलं आहे. आपण ते घालतो तेव्हा बाही कुठे येते ते बघायला हवं.

तिसरा मुद्दा आईचा आहे, मी फक्त लिहून काढतो आहे. गावातल्या किराणावाल्या काकांकडे आमचं खातं आजोबांपासूनचं. लाल कापडी वही, महिन्याला हिशेब. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुधाचे भाव पडले, दादाची तेव्हाची नोकरी गेली. काकांनी चार महिने एक शब्द न काढता माल दिला. व्याज नाही, सरचार्ज नाही, मेसेज तर नाहीच नाही. दिवाळीला वरून उटणं आणि पणत्या. आई म्हणते, "पाच टक्क्यांसाठी मी काकांचं खातं तोडणार नाही." मी तिला सांगितलं की काका तेलाच्या पिशवीमागे मॉलपेक्षा आठ-दहा रुपये जास्त लावतात. ती म्हणाली, "लावतात, मला माहीत आहे." मी हिशेब करून बघितला, वर्षाला तो फरक कॅशबॅकपेक्षा बराच मोठा निघतो. तरी मला आईचं चुकलं असं म्हणवत नाही. अडचणीत चार महिने बिनव्याजी थांबणाऱ्याची किंमत कोणत्या रकान्यात मांडायची ते आपल्याला इकॉनॉमिक्सच्या इलेक्टिव्हमध्येही शिकवलेलं नाही. खातं उधारीचं आहे म्हणून ते वाईट आणि कार्ड चकचकीत आहे म्हणून ते चांगलं, हे मात्र मला साफ नामंजूर.

मग कार्ड घेऊच नये का? नाही, मी तसं म्हणत नाही. आमच्या घरात कार्ड आजही आहे. फक्त निवडताना जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा बघायचा नाही. आधी आपल्या घरचं कॅलेंडर बघायचं की आपला पैसा नक्की कुठे जातो. मग बघायचं की त्या-त्या ठिकाणी हे कार्ड काय देतं, आणि 'यावर लागू नाही' अशी यादी कुठे छापली आहे ती शोधून वाचायची. निदान आपल्यासारख्या घरांना फी नसलेलं साधं कार्ड पुरतं असं माझं मत. पॉइंटपेक्षा थेट बिलातून वजा होणारा कॅशबॅक बरा, कारण पॉइंटची किंमत कधी वीस पैसे असते कधी पंचवीस, आणि ते वटवायलाही काही ठिकाणी वेगळी फी घेतात. शंभर पॉइंट ऐकायला बरे वाटतात, हातात वीस रुपये येतात.

दुसरं, रुपे कार्ड घेतलं तर २०२२ पासून ते यूपीआयला जोडता येतं, म्हणजे मशीन नसलेल्या दुकानातही क्यूआरवर चालतं. लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या अशा व्यवहाराला कट लागू नये अशी तरतूदही केली आहे. अट एवढीच की तो क्यूआर दुकानाच्या नावाचा, व्यापारी खात्याचा हवा. आमच्या काकांनी लावलेला क्यूआर त्यांच्या मुलाच्या वैयक्तिक खात्याचा निघाला, त्यामुळे तिथे कार्ड चाललं नाही. मेडिकलवाल्याकडे मात्र चाललं. सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या कार्ड कंपन्यांनी नवीन ग्राहकाला कोणतं नेटवर्क हवं ते विचारायचं आहे. तेव्हा फॉर्म भरणारा पोरगा जे देईल तेच घेतलं पाहिजे असं नाही, तोंड उघडून मागा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, तारीख! दादाच्या सगळ्या घोळाचं मूळ ५ आणि ७ मधल्या दोन दिवसांत होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ग्राहकाला बिलाचं चक्र बदलून मागता येतं, आणि २०२४ च्या सुधारणेनंतर निदान एकदा तरी ते बदलून द्यावंच लागतं. ही गोष्ट कँटीनमधल्या त्या टेबलावर कुणी सांगितली नाही. त्याने किमान रकमेचा तोडगा दिला. पगाराची, दुधाची, भाड्याची, जी काय आवक असेल तिच्या पुढे पाच-सहा दिवस बिलाची शेवटची तारीख आणून ठेवायची आणि ऑटो-डेबिट पूर्ण रकमेवर लावायचं. पाच टक्के मिळतात की एक, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

हॉस्टेलच्या बंधूंसाठी एक वेगळा मुद्दा. सेलच्या दिवसांत आपल्याकडे एक प्रकार चालतो. एकाच्या घरचं कार्ड, दहा टक्के सूट, त्यावर चार जण मोबाइल घेतात आणि 'महिन्याला देतो भावा' म्हणतात. आमच्याच विंगमध्ये असं झालं. दोघांनी वेळेत दिले, एकाने सबमिशन संपल्यावर दिले, एकाचे अजून यायचे आहेत. ते ॲड-ऑन कार्ड होतं, म्हणजे देणं वडिलांच्या नावावर. बिल थकलं की त्यांचा सिबिल स्कोअर घसरणार. आणि उद्या धाकट्या बहिणीला शैक्षणिक कर्ज लागलं तर बँक सहकर्जदार म्हणून त्याच वडिलांचा स्कोअर काढून बघणार. ज्याचे पैसे यायचे आहेत तो हा अंक वाचेलच. वाचलंस ना?

आमच्या ४४ हजारांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. दूध संघाचा दिवाळीचा रिबेट आला होता चौदा हजार, तो गेला. दादाच्या खात्यातले दहा गेले. वीस हजार आईने बचत गटातून काढले, तिथे शेकडा दोन रुपये महिना. दोन रुपये जास्तच आहेत, पण साडेतीन आणि वर जीएसटी यापेक्षा बरे, आणि ते व्याज गटातल्याच बायकांना वाटून येतं. वरचे दोन-अडीचशे नानांच्या खिशातून. सगळं भरून हुश्श केलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा काही रुपयांचं बिल! बिल निघाल्यापासून भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज. आई म्हणाली, पाल गेली तरी शेपूट वळवळतंय.

नानांनी तिन्ही जाहिराती परत कोनाड्यात ठेवल्या नाहीत, बंबात घातल्या. नवीन कार्ड घेतलं नाही. दादाचंच ठेवलं, पण बँकेत अर्ज करून शेवटची तारीख १३ करून घेतली आणि ऑटो-डेबिट पूर्ण रकमेवर आणलं. त्याला तीन फोन आणि एक हेलपाटा लागला. मर्यादाही कमी करून पंधरा हजारांवर आणली. कार्डावर आता फक्त औषधं आणि ऑनलाइनची खरेदी जाते. किराणा सगळा पुन्हा काकांच्या वहीत. रविवारी दादा घरी असतो.

आईने कॅलेंडरवर दर महिन्याच्या १३ तारखेला लाल गोल केला आहे, जिथे ती चतुर्थीला करते तसाच. मागच्या महिन्यात मी तिला फोनवर सांगितलं की या वेळी ९४ रुपये कॅशबॅक आला.

"कुठं आला?"

"बिलातून वजा झाला, आई."

"म्हणजे हातात नाही आला," ती म्हणाली, आणि जेवलास का विचारून तिने फोन ठेवला.